शेजारच्या पोराला युरोपातल्या क्लबचं ट्रायलचं पत्र आलंय, पैसे भरायचे की नाही? (त्रिनिदाद)

मिलिंद_कूव्हा

नमस्कार मंडळी. मी मूळचा रोह्याचा, गेली सहा वर्षं त्रिनिदादमध्ये आहे, पॉइंट लिसासला प्लांटवर मेंटेनन्स बघतो आणि कूव्हात राहतो. अटो बोल्डन स्टेडियम माझ्या घरापासून गाडीने पाच मिनिटं. क्रिकेटचा देश म्हणून आलो होतो पण इथे शाळेच्या फुटबॉल मॅचला जी गर्दी होते ना ती बघून चाटच पडलो.

तर विषय असा. शेजारच्या घरात एक बाई, तिची आई आणि मुलगा राहतात. मुलगा १९ वर्षांचा, लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा डिफेंडर. नाव लिहीत नाही. रोज पहाटे साडेपाचला आमच्या कॉमन भिंतीवर डाव्या पायाने बॉल मारत असतो, सुरुवातीला वैताग यायचा, आता तोच माझा अलार्म झालाय. शाळेकडून लीग खेळला, सध्या इथल्या एका छोट्या क्लबात आहे, पगार म्हणजे प्रवासखर्च सुटतो एवढाच. त्याच्या खोलीत लीवाय गार्सियाचा फोटो आहे. गार्सिया दक्षिणेकडच्या सांता फ्लोरा गावचा, पेनालच्या शिवा बॉइज हिंदू कॉलेजात शिकला (इथे कॉलेज म्हणजे आपली हायस्कूल), २०१५ ला १८ व्या वर्षी हॉलंडच्या एझेड अल्कमारला गेला, मग इस्रायल, मग एईके अथेन्स, २०२३ ला त्यांच्याबरोबर ग्रीसची लीग आणि कप दोन्ही जिंकला. इथल्या प्रत्येक पोराला वाटतं पुढचा मीच.

गेल्या आठवड्यात ह्याला इन्स्टावर एका एजंटाचा मेसेज आला, तुझे क्लिप बघितले, पूर्व युरोपातल्या अमुक सेकंड डिव्हिजन क्लबला लेफ्ट बॅक पाहिजे, तीन आठवड्यांची ट्रायल. दोन दिवसांत लेटरहेडवर पत्र. खर्च ३,२०० अमेरिकन डॉलर, त्यात ट्रायल रजिस्ट्रेशन, व्हिसा, इन्शुरन्स, हॉस्टेल. दहा दिवसांत भरा नाहीतर जागा दुसऱ्याला. विमानाचं तिकीट वेगळं आपलं आपण काढायचं.

काल संध्याकाळी त्याची आई ते पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून माझ्याकडे घेऊन आली. सुपरमार्केटात कॅशवर असते. इथे 'सूसू' म्हणून प्रकार असतो, अगदी आपली भिशी, दर महिन्याला सगळ्यांनी पैसे घालायचे आणि पाळीपाळीने एकेकाने उचलायचे. तिची उचल पुढच्या महिन्यात आहे, ती आधी मागून घेऊन हे पैसे भरायचं चाललंय. मला म्हणाली मिस्टर मिलिंद, तुम्ही परदेशातून इथे नोकरीला आलात, असली कागदपत्रं तुम्ही बघितलेली असणार, हे खरं आहे का एवढं सांगा.

पत्र बघून मला दोन गोष्टी खटकल्या. लोगो फाटल्यासारखा धुरकट आहे, आणि मुलाच्या आडनावाचं स्पेलिंग वर एक आणि खाली एक. पण मी काही फुटबॉलमधला माणूस नाही, उगाच शंका काढून पोराची संधी घालवली तर आयुष्यभर ते मनात राहील. इथे गोव्याचे, इंग्लंड अमेरिकेतले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. हे असंच असतं का? आणि हे नसेल तर ह्या पोरांनी बाहेर जायचा खरा रस्ता कुठला?

---

संदीप_डोंबिवली

एक रुपयाही भरू नका. एक डॉलर म्हणा हवं तर. ज्या क्लबाला खेळाडू पाहिजे तो क्लब पैसे देतो, घेत नाही.

---

सासष्टीकर

मिलिंदराव, मी मडगावचा. एका क्लबाकडे सात वर्षं टीमबरोबर होतो, किट, हॉटेल, एअरपोर्टची नेआण, सगळं. क्लबाचं नाव नको. तुमच्या त्रिनिदादची माणसं गोव्याला नवीन नाहीत हो. चर्चिल ब्रदर्सने २०१४ ला फेडरेशन कप मारला तेव्हा त्यांच्याकडे अँथनी वुल्फ होता, आणि २०१८-१९ च्या आय-लीगमध्ये चर्चिलकडूनच विलिस प्लाझाने २१ गोल केले, टॉप स्कोअररच्या जागेवर चेन्नईच्या पेद्रो मांझीबरोबर बरोबरीत. त्याआधी प्लाझा ईस्ट बंगालला होता. आणि कॉर्नेल ग्लेन आठवतो का, २००६ च्या वर्ल्ड कपात डॉर्टमुंडला स्वीडनविरुद्ध बदली म्हणून आला आणि बॉल थेट बारवर हाणला तो? तो माणूस पुढे शिलाँग लाजाँगला खेळला, मेघालयात. केरला ब्लास्टर्सने २०१६ ला फायनल गाठली त्यात हैतीचे बेलफोर्ट आणि नाझाँ होते. हे सांगायचं कारण, परदेशी क्लब म्हणजे लंडन माद्रिदच असं पोरांच्या डोक्यात असतं, पण बहुतेकांची रोजीरोटी अशाच लांबच्या, कुणाला माहीत नसलेल्या लीगमध्ये चालते. सेंट किट्सच्या कीथ गम्ब्सने तर हाँगकाँग आणि इंडोनेशियात बरंचसं करिअर काढलं.

आता मी स्वतः बघितलेलं सांगतो. खरी ट्रायल कशी असते, क्लबाकडून मेल येतो तो क्लबाच्या स्वतःच्या पत्त्यावरून, जीमेलवरून नाही. आम्ही परदेशी खेळाडू बोलवायचो तेव्हा तिकीट आम्ही काढायचो, एअरपोर्टवर मी स्वतः पाटी घेऊन उभा असायचो. काही वेळा तिकीट खेळाडूचं किंवा त्याच्या एजंटाचं असायचं हेही खरं, छोटे क्लब तसं करतात, पण 'ट्रायल रजिस्ट्रेशन' नावाची फी मी सात वर्षांत कुठल्या क्लबाच्या कागदावर पाहिली नाही.

आणि एक प्रसंग. एक कॅरिबियन मुलगा (देश सांगत नाही) आमच्याकडे आला, साधारण २३ चा. एजंटाने त्याला आकडा सांगितलेला एक आणि आमच्या कागदावर निम्मा. बिचारा ऑफिसात बसून कॉन्ट्रॅक्टची तीन पानं बोट ठेवून ओळ न् ओळ वाचत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. परतीचं तिकीट नाही, घरी सगळ्यांना सांगून आलेला. सही केली. पुढे क्लबाने दोन महिने पगार लांबवला तेव्हा तो माझ्या घरी जेवायला यायचा, आमच्या हिच्या हातची सुंगटाची करी त्याला फार आवडायची, म्हणायचा माझ्या आजीची चव आहे. म्हणून म्हणतो, आईला सांगा, पैशापेक्षा आधी कागद.

---

वैशाली_नॉटिंगहॅम

मिलिंददादा, मी इथे व्हिसाच्या कागदपत्रांचंच काम करते (खेळाडूंचं नाही, नर्सेस आणि इंजिनिअर्सचं), तरी तुमचं वाचून एक गोष्ट लगेच लक्षात आली. त्या ३,२०० मध्ये व्हिसाची फी धरलीय म्हणता. त्रिनिदादच्या पासपोर्टवर शेंगेन देशांत (युरोपातले एकच व्हिसा चालणारे देश) ९० दिवसांपर्यंत जायला व्हिसा लागतच नाही, २०१५ पासून. तुमचा तो क्लब ज्या देशातला आहे तो शेंगेनमध्ये आहे का बघा. असेल तर जो व्हिसा अस्तित्वातच नाही त्याचे पैसे तो माणूस मागतोय. जमैकाच्या मुलाला व्हिसा लागतो, त्रिनिदादच्या नाही, हे एकच पत्र कॅरिबियनभर नाव बदलून पाठवत असणार. नोकरीचं वर्क परमिट ही वेगळी गोष्ट, ते कॉन्ट्रॅक्टनंतर येतं आणि ते क्लब करतो. इंग्लंडला मात्र आता उलट झालंय, मार्च २०२५ पासून त्रिनिदादवाल्यांना नुसतं फिरायला यायलाही व्हिसा लागतो.

आणि इंग्लंडचं स्वप्न असेल तर त्याला नीट समजावून सांगा. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, परदेशी खेळाडूला पॉइंट्स लागतात, नॅशनल टीमसाठी किती मॅच खेळला, ती टीम फिफा रँकिंगमध्ये कुठे, क्लब कुठल्या दर्जाच्या लीगमधला, त्यात किती मिनिटं. १५ पॉइंट्स झाले तर परवानगी. त्रिनिदादसारख्या शंभरच्या आसपासच्या देशातल्या छोट्या क्लबातल्या मुलाचे पॉइंट्स जमतच नाहीत. २०२३ पासून थोड्या खेळाडूंसाठी क्लबांना सूट दिलीय, प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिपमध्ये क्लबामागे चारपर्यंत, पण ती जागा ते कुणाला देणार, ज्याच्यावर कोटी कोटी लावलेत त्यालाच ना.

मला सगळ्यात लागतं ते हे, की बेटं शेजारी शेजारी, पोरं सारखीच धावतात, पण पासपोर्ट वेगळा की नशीब वेगळं. मार्टिनिक आणि ग्वादलूपची मुलं जन्मतः फ्रेंच नागरिक, त्यांना पॅरिस म्हणजे आपल्याला पुणे मुंबई. फ्रान्सच्या टीमचा डिफेंडर लिलियन थुराम ग्वादलूपमध्ये जन्मला. क्युरासाओची मुलं डच पासपोर्टवाली. बर्म्युडाच्या नाकी वेल्सला ब्रिटिश नागरिकत्व, तो लीड्सजवळच्या अकॅडमीत आला, कार्लाइलकडून सुरुवात केली आणि २०१३ ला चौथ्या डिव्हिजनच्या ब्रॅडफर्डकडून वेम्बलीवर लीग कपची फायनल खेळला. वर्क परमिटचा प्रश्नच आला नाही. तुमच्या शेजाऱ्याच्या पोराला हाच रस्ता बंद, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

---

रणजित_कोल्हापूर

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. आम्ही कोल्हापूरचे, आमच्याकडे पेठापेठांत फुटबॉल, पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की शाहू स्टेडियम भरतं. किती पोरं बघितली ज्यांच्या पायात जादू होती आणि घरच्यांनी रिस्क नको म्हणून नोकरीला लावली. आता चाळिशीत ग्राउंडच्या कट्ट्यावर बसून असतात. ३,२०० डॉलर म्हणजे पावणेतीन लाख झाले, मोठी रक्कम आहे कबूल, पण पोरगा १९ चा आहे, दोन वर्षांनी त्याला कोण विचारणार? ड्वाइट यॉर्कने रिस्क घेतली नसती तर टोबॅगोतच राहिला असता ना. पत्र खोटं असेल तर सोडा, पण दुसरं काहीतरी बघून पाठवाच त्याला बाहेर.

---

सासष्टीकर

रणजित, तुझी तळमळ पोचली रे. पण यॉर्कचं उदाहरण नेमकं उलट आहे. १९८९ ला ॲस्टन व्हिला टीम घेऊन वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेली, तिथे मॅनेजर ग्रॅहम टेलरने त्याला खेळताना पाहिलं आणि व्हिलाने त्याच्यासाठी १,२०,००० पौंड मोजले. नऊ वर्षांनी मँचेस्टर युनायटेडने १.२६ कोटी पौंडांना घेतला आणि पहिल्याच वर्षी लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग, तिन्ही ट्रॉफ्या. त्याने कुणाला पैसे दिले नाहीत, त्याच्यासाठी दुसऱ्यांनी दिले.

२००६ ची त्यांची वर्ल्ड कप टीम घे. बहरीनमध्ये हेडर मारून ज्याने टीमला जर्मनीला नेलं तो डेनिस लॉरेन्स, साडेसहा फुटांचा डिफेंडर, त्रिनिदादच्या सैन्याच्या डिफेन्स फोर्स टीममध्ये होता. २००१ ला रेक्सहॅमला गेला तेव्हा २६ चा. त्याच्या आधी वर्षभर कार्लोस एडवर्ड्स तिथूनच त्याच क्लबात गेलेला. म्हणजे सैन्यातली नोकरी, खेळ चालू, आणि २६ व्या वर्षी वेल्समधल्या छोट्या क्लबाचं कॉन्ट्रॅक्ट. १९ ला सगळं संपत नाही.

---

अनघा_ओहायो

अमेरिकेचा रस्ता कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय. माझा मुलगा इथे कॉलेजात खेळतो, त्याच्या टीममध्ये दोन जमैकाचे आणि एक ग्रेनाडाचा आहे, थँक्सगिव्हिंगला तिघंही आमच्याकडेच असतात, कारण तिकिटं महाग म्हणून घरी जात नाहीत. जमैकाची मुलं सांगतात की तिकडे शाळेच्या मॅनिंग कप आणि दाकोस्टा कपच्या मॅचना अमेरिकन कॉलेजचे कोच येऊन बसतात. मॅनिंग कप १९०९ पासूनचा आहे.

खूप मोठी माणसं ह्या दारातून गेलीत. शाका हिस्लॉप, डॉर्टमुंडला स्वीडनला शून्यावर ठेवणारा तुमचा गोलकीपर, हॉवर्ड युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून मग १९९२ ला रेडिंगला गेला. जमैकाचा आंद्रे ब्लेक कनेटिकट युनिव्हर्सिटीतून, अमेरिकेच्या एमएलएस लीगच्या २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (तिथे क्लब पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात) पहिला नंबर, पुढे तीनदा लीगचा बेस्ट गोलकीपर. मुलींमध्ये स्पॅनिश टाउनची बनी शॉ टेनेसी युनिव्हर्सिटीतून बोर्डोला, तिथून मँचेस्टर सिटीला, २०२३-२४ मध्ये इंग्लंडच्या लीगमध्ये २१ गोल, सगळ्यांत जास्त.

पण दादा, ह्यात अभ्यास लागतो. दहावीसारख्या त्यांच्या सीएसईसीच्या परीक्षा असतात ना, त्यात गणित आणि इंग्लिश पास आहे का विचारा. आणि त्याने त्या छोट्या क्लबाबरोबर नक्की कशावर सही केलीय ते बघा, प्रोफेशनल कॉन्ट्रॅक्ट असेल तर कॉलेजला अडचण येऊ शकते. नुसता प्रवासखर्च असेल तर कोचला आधीच खरं सांगून टाकायचं. कोचला ईमेल पोराने स्वतः लिहायचा, आईने किंवा एजंटाने नाही. आणि व्हिडिओ, दोन मिनिटांची गाणं लावलेली क्लिप कुणी बघत नाही, माझ्या मुलाच्या कोचने सरळ सांगितलं होतं, पूर्ण मॅच पाठव, बॉल हरवल्यावर काय करतोस ते बघायचंय.

---

वैशाली_नॉटिंगहॅम

अनघाताईंचं अगदी बरोबर. अजून तपासायच्या दोन गोष्टी. फिफाच्या वेबसाइटवर लायसन्स असलेल्या एजंटांची यादी आहे, नाव टाकून शोधता येतं, २०२३ पासून परीक्षा पास होऊन लायसन्स घ्यावं लागतं. आणि एजंटाची कमाई कॉन्ट्रॅक्ट झाल्यावर कमिशनमधून असते, आधी नाही. दुसरं, त्याच्या आत्ताच्या क्लबाच्या सेक्रेटरीला विचारा की तुम्हाला परदेशातून काही पत्र आलंय का. खरा क्लब खेळाडू घेणार असेल तर आज ना उद्या ट्रान्सफर सर्टिफिकेटसाठी त्याला ह्या क्लबाच्या असोसिएशनकडे जावंच लागतं, आणि २३ वर्षांपर्यंतच्या खेळाडूचं ट्रेनिंग कॉम्पेन्सेशनही (खेळाडू घडवल्याबद्दल जुन्या क्लबाला भरपाई) द्यावं लागू शकतं. सगळं फक्त इन्स्टावर चाललंय म्हणजे काहीतरी लपवायचंय.

एक अजून, कधीही कॉन्ट्रॅक्ट आलं तर मेडिकल इन्शुरन्सचं कलम आधी वाचायला सांगा. त्रिनिदादचा अकीम ॲडम्स २०१३ ला बुडापेस्टच्या फेरेन्त्स्वारोशला गेला, थोड्याच दिवसांत हार्ट अटॅक आला, पाय कापावा लागला आणि त्याच डिसेंबरात गेला. २२ वर्षांचा होता. घरापासून इतक्या लांब पोरगं हॉस्पिटलात पडलं तर बिल कोण भरणार आणि आईला तिथे कोण नेणार, हे कागदावर असलं पाहिजे.

---

संदीप_डोंबिवली

युरोपच हवं असेल तर छोट्या देशातून वर चढायचं. जमैकाचा शमार निकोल्सन किंग्स्टनच्या बॉइज टाउनमधून २०१७ ला स्लोव्हेनियाच्या दोमझालेला गेला, तिथून बेल्जियमचं शार्लरवा, तिथून स्पार्टाक मॉस्को. लिऑन बेलीलाही लहानपणी युरोपात नेलं पण १८ पूर्ण होईपर्यंत नियमांमुळे सही करता आली नाही, २०१५ ला गेंक, मग लेव्हरकुसेन, मग व्हिला. हॉलंडला युरोपबाहेरच्या खेळाडूला किमान पगार इतका जास्त द्यावा लागतो की फार खात्री असल्याशिवाय क्लब घेतच नाहीत, १८-१९ वयाला ती अट निम्मी आहे म्हणून गार्सियासारख्याला घेणं परवडलं असणार.

---

मिलिंद_कूव्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उशीर झाला कारण प्लांटला शटडाउन होता.

क्लबाच्या अधिकृत वेबसाइटवरचा पत्ता शोधून मी मेल टाकला, पत्राचा फोटो जोडला. दुसऱ्या दिवशी उत्तर, अशी कुठलीही ट्रायल नाही, सही करणारा माणूस आमच्याकडे कामाला नाही, आणि ह्या महिन्यात आलेलं हे असं तिसरं पत्र. देश शेंगेनमधलाच निघाला, वैशालीताई. फिफाच्या यादीत त्या एजंटाचं नाव नाही. पोराने त्याला फोन करून विचारलं तर त्याने आधी रक्कम २,००० वर आणली आणि मग ब्लॉक केलं.

आई माझ्या ओट्यावर बसून क्लबाचा तो मेल दोनदा वाचत होती. रडली नाही. म्हणाली सूसूच्या बायकांना सांगून टाकते की माझी पाळी होती तिथेच ठेवा. बँकेत अमेरिकन डॉलर मिळत नाहीत म्हणून तिने ओळखीतल्या एकाकडून ८०० डॉलर जमवून ठेवले होते, ते कपाटात आहेत, ते मी परत करायला लावले नाहीत, पुढे परीक्षेची फी, अर्ज, कशाला ना कशाला लागतीलच. पोरगा मात्र दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, जणू मीच त्याचं तिकीट फाडलं. रणजितभाऊ, तुम्ही लिहिलेलं मी त्याला इंग्रजीत वाचून दाखवलं, आणि सासष्टीकरांनी लिहिलेलं लॉरेन्सचं वय पण. लॉरेन्सबद्दल त्याला माहीत होतं, हेडर इथे प्रत्येकाला माहीत आहे, पण २६ व्या वर्षी गेला हे माहीत नव्हतं.

गणित आणि इंग्लिश दोन्ही पास आहे, गणितात दुसरा ग्रेड. क्लबाबरोबर नुसता रजिस्ट्रेशनचा फॉर्म आहे, कॉन्ट्रॅक्ट नाही. अनघाताई, तुम्हाला मेसेज केलाय, त्या जमैकाच्या मुलांपैकी कुणी ह्याच्याशी दहा मिनिटं बोलेल का?

आणि आता एक अगदी साधा प्रश्न. रविवारी दुपारी साडेतीनला त्याची मॅच आहे, पूर्ण नव्वद मिनिटं मी शूट करणार आहे. गेल्या वेळी प्रयत्न केला तर उन्हात फोन तापून पस्तिसाव्या मिनिटाला बंद पडला. काय करू?

---

सासष्टीकर

फोनचं कव्हर काढा, ब्राइटनेस एकदम कमी, एअरप्लेन मोडवर टाका आणि फोनवर छत्री धरायला कुणाला तरी उभं करा. स्टँड उंचावर, हाफलाइनच्या समोर, सावलीची बाजू बघून. हाफटाइमला फाइल बंद करून नवीन सुरू करा म्हणजे एक गेली तरी एक राहते. आणि झूम करू नका, लेफ्ट बॅक आहे ना, बॉल दुसऱ्या टोकाला असताना तो कुठे उभा आहे तेच कोचला बघायचं असतं.

---

मिलिंद_कूव्हा

छत्री धरायला त्याची आजी येतेय म्हणाली.